लाव्हाच्या जमिनीत खारं पाणी आलं कुठून? जळगाव जामोद, खारपाणपट्टा आणि तापी महापुनर्भरणाचं गणित

बुलढाणा जिल्ह्याचा नकाशा उघडा आणि वरच्या टोकाला बघा. तिथे सातपुड्याला चिकटून एक तालुका दिसेल, जळगाव जामोद. उत्तरेला डोंगर, दक्षिणेला पूर्णा नदी आणि मधे काळीभोर, सपाट जमीन. डोंगर आणि नदी यांच्यात अंतर फार नाही. दुचाकीवर तासाभरात एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाता येतं. पण एवढ्या अंतरात विहिरीच्या पाण्याची चव पार बदलते. डोंगराच्या कडेला गोड पाणी, तर पूर्णेच्या बाजूला तोंडात धरवणार नाही असं खारं पाणी.

हा खारपाणपट्टा काही नवा नाही. पण १० मे २०२५ ला भोपाळमध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश सरकारांनी तापी खोरे महापुनर्भरण प्रकल्पाच्या करारावर सह्या केल्या आणि हा विषय पुन्हा चर्चेत आला. या प्रकल्पातून खारपाणपट्ट्याला दिलासा मिळेल असं सांगितलं जातंय. व्हॉट्सअॅपवर तर ‘आता खारं पाणी गोड होणार’ असे मेसेजही फिरले.

खरंच होईल का? याचं उत्तर शोधायचं तर आधी साडेसहा कोटी वर्षं मागे जावं लागेल. कारण या पाण्याचा उगम मंत्रालयात नाही, जमिनीखाली आहे.

ही जमीन मुळात आली कुठून?

ज्वालामुखी म्हटलं की डोळ्यांसमोर जपान येतं. उंच शंकूसारखा डोंगर, वर धूर. जपानच्या क्युशू बेटावरचं शिमाबारा द्वीपकल्प हे त्याचं चांगलं उदाहरण. तिथे मधोमध उन्झेन नावाचा ज्वालामुखी आहे. १७९२ मध्ये त्याच्या शेजारचा डोंगर कोसळून समुद्रात गेला, त्सुनामी आली आणि सुमारे १५ हजार माणसं मेली. १९९१ मध्येही याच ज्वालामुखीने ४३ जणांचा जीव घेतला. तरी माणसं तिथे राहतात. एक कारण पाणी. ज्वालामुखीच्या सच्छिद्र थरांतून गाळून आलेले गोड्या पाण्याचे झरे शिमाबारा शहरात रस्त्याच्या कडेला वाहतात.

पण ज्वालामुखीवर बसलेलं द्वीपकल्प बघायला जपानला जायची गरज नाही. आपण त्यावरच राहतो. सह्याद्री, अजिंठा, सातपुड्याचा बराचसा भाग, नाशिकपासून नागपूरच्या अलीकडपर्यंतचा काळा कातळ, हे सगळं थिजलेल्या लाव्हाचं बनलेलं आहे. भूगर्भशास्त्रात याला ‘दख्खन ट्रॅप’ म्हणतात.

फरक एवढाच की आपल्याकडे शंकू नव्हते. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारताचा भूखंड हिंदी महासागरातून उत्तरेकडे सरकत होता. आज जिथे रीयुनियन बेट आहे, त्या उष्ण जागेवरून तो जात असताना जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा बाहेर आला. तो पाण्यासारखा पसरला, थिजला, पुन्हा नवा थर आला. असे थरावर थर साचत गेले. आज झीज होऊनही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर हा बेसॉल्ट शिल्लक आहे. डोंगराकडे लांबून बघितलं की पायऱ्या दिसतात, त्या याच थरांच्या. ‘ट्रॅप’ हा शब्दही स्वीडिश भाषेतल्या पायरीवरून आलाय.

हाच कातळ कुजून, झिजून वऱ्हाडातली काळी माती तयार झाली. म्हणजे कापसाचं पीक असो की विहिरीतलं पाणी, सगळं या लाव्हाशी जोडलेलं आहे.

मग सातपुडा वर आणि जळगाव जामोद खाली, हे कसं?

जळगाव जामोदहून उत्तरेला बघितलं तर सातपुडा एखाद्या भिंतीसारखा उभा दिसतो. हळूहळू चढत जाणारे डोंगर नाहीत, एकदम उभी कड आहे. याचं कारण जमिनीतली भेग. नर्मदा आणि तापीच्या पट्ट्यात भारतीय भूखंडाला फार जुन्या भेगा आहेत. त्यांतलीच एक गाविलगडच्या डोंगररांगेच्या पायथ्याने जाते. या भेगेच्या उत्तरेचा भाग वर राहिला आणि दक्षिणेचा खचत गेला. हा पट्टा आजही पूर्ण शांत नाही. २२ मे १९९७ चा जबलपूरचा भूकंप याच मोठ्या पट्ट्यात झाला होता.

जमीन खचली की खळगा तयार होतो आणि खळगा नद्या भरतात. मध्य प्रदेशातल्या बैतुल जिल्ह्यात उगम पावणारी पूर्णा अमरावती, अकोला, बुलढाण्यातून पश्चिमेकडे येते आणि जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ तापीला मिळते. वाटेत सातपुड्यातून उतरणाऱ्या असंख्य नद्या-नाले तिला येऊन मिळतात. या सगळ्यांनी लाखो वर्षं आणलेला गाळ त्या खळग्यात साचला. काही ठिकाणी हा गाळ शेकडो मीटर जाड आहे. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी दहा-वीस फूट खणलं की कातळ लागतो. पूर्णेच्या खोऱ्यात मात्र बोअर कितीही खाली नेली तरी मातीच मिळते.

आता या गाळाची मांडणी लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. डोंगरातून सुसाट येणारं पाणी सपाटीवर आलं की त्याचा जोर कमी होतो. ते आधी जड वस्तू टाकतं. म्हणून पायथ्याशी गोटे, दगड आणि जाड रेती. या पट्ट्याला ‘बजाडा’ म्हणतात. पाणी पुढे जातं तशी बारीक रेती पडते आणि पूर्णेच्या जवळ पोचेपर्यंत उरते ती फक्त चिकण माती.

म्हणजे तालुक्याच्या उत्तरेला जमीन चाळणीसारखी आहे. दक्षिणेला ती मडक्यासारखी आहे.

पाणी खारं का झालं?

‘इथे पूर्वी समुद्र होता’ असं गावोगावी ऐकायला मिळतं. ऐकायला पटतंही. पण हा गाळ नद्यांनी आणलेला आहे, समुद्राने नाही. आणि खारटपणासाठी समुद्र लागतोच असं नाही.

बेसॉल्ट झिजतो तेव्हा त्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम असे क्षार सुटतात आणि पाण्यात विरघळतात. पाऊस भरपूर असेल आणि निचरा चांगला असेल, तर हे क्षार वाहून नदीत आणि पुढे समुद्रात जातात. कोकणात हेच होतं. कातळ तोच, पण पाणी गोड.

पूर्णेच्या खोऱ्यात तिन्ही गोष्टी उलट्या आहेत. पाऊस कमी, ऊन कडक आणि निचरा जवळजवळ बंद. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पाण्याची वाफ होते, क्षार मागे उरतात. पुढच्या पावसात ते थोडे खाली जातात, पण चिकण माती त्यांना बाहेर पडू देत नाही. हे हजारो वर्षं चाललंय.

त्यात आणखी एक गुंता आहे. कॅल्शियमचा चुना होऊन तो जमिनीत खड्यांच्या रूपात बसतो. शेतात पांढरे चुनखडीचे खडे दिसतात ते हेच. कॅल्शियम असा बाजूला पडला की सोडियमचं राज्य सुरू होतं. सोडियम मातीचे कण सुटे करतो, ते एकमेकांत घट्ट बसतात आणि पाण्याच्या उरल्यासुरल्या वाटाही बंद होतात. म्हणून या भागात पावसाळ्यात शेतात पाय टाकला की गुडघाभर चिखल आणि उन्हाळ्यात त्याच शेतात हात जाईल एवढ्या भेगा.

अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे ९०० गावं या खारपाणपट्ट्यात येतात. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतली पूर्णेकडची गावं त्यात आहेत. नदीपलीकडच्या नांदुरा आणि शेगाव तालुक्यांतलीही आहेत.

लोणारचा याच्याशी संबंध आहे का?

बुलढाणा, ज्वालामुखी आणि खारं पाणी हे शब्द एकत्र आले की लोणारचं नाव निघतंच. पण ते प्रकरण वेगळं आहे. लोणारचं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर बेसॉल्टमध्ये असल्यामुळे बराच काळ ते ज्वालामुखीचं तोंड समजलं जायचं. प्रत्यक्षात ते उल्केच्या आघाताने झालं, हे १९७० च्या दशकात तिथल्या खडकांच्या अभ्यासातून नक्की झालं. लोणारचं तळं बशीसारखं बंद आहे. पाणी आत येतं, बाहेर जायला वाट नाही, त्यामुळे क्षार साठतात. पूर्णेच्या खोऱ्यातला खारटपणा जमिनीखाली, गाळाच्या थरांत आहे. दोन्हीकडे तत्त्व मात्र एकच आहे. पाण्याला बाहेरची वाट मिळाली नाही, की क्षार मागे राहतात.

मीठ, कापूस आणि जुनी सनद

जळगाव हे अकबराच्या काळात वऱ्हाड सुभ्यातल्या नरनाळा सरकारातलं परगण्याचं गाव होतं. खानदेशातल्या जळगावशी घोटाळा होऊ नये म्हणून जवळच्या जामोद गावाचं नाव त्याला जोडलं गेलं. १९०५ पर्यंत हा तालुका अकोला जिल्ह्यात होता, मग बुलढाण्यात आला. आजही इथल्या पाण्याचे अर्धे प्रश्न अकोल्याशी जोडलेले आहेत, ते कसे हे पुढे बघू.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हवाली केला. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. मुंबई-नागपूर रेल्वे आली, शेगाव, नांदुरा, खामगाव ही गावं बाजारपेठा झाली. हा लोहमार्ग पूर्णेच्या दक्षिणेने गेला. उत्तरेकडचं जळगाव जामोद कापूस पिकवायचं, पण गाडी गाठायला नदी ओलांडावी लागायची.

याच खाऱ्या पाण्याने एकदा राजकीय इतिहासही घडवला. अकोला जिल्ह्यातल्या दहीहंडा भागात खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून पूर्वी मीठ काढलं जायचं. इंग्रजांनी ते बंद केलं. १९३० मध्ये गांधीजींनी दांडीला मीठ उचललं, तेव्हा समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या वऱ्हाडने काय करायचं? एप्रिल १९३० मध्ये वऱ्हाडचे सत्याग्रही दहीहंड्याला गेले आणि विहिरीच्या पाण्यापासून मीठ तयार करून त्यांनी कायदा मोडला. ज्या पाण्याने पिढ्यानपिढ्या जीव नकोसा केला, तेच पाणी त्या महिन्यात कामाला आलं.

डोंगराच्या कडेला एक एकटी भाषा

सातपुड्याच्या या कडेला आणखी एक गोष्ट टिकून राहिली आहे, जी जगात दुसरीकडे कुठेच नाही. जामोदच्या आसपास, सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा अशा गावांत आणि पाड्यांवर निहाली भाषा बोलली जाते. भाषाशास्त्रात तिला ‘एकाकी भाषा’ म्हणतात. मराठी-हिंदीचं कुळ नाही, तेलुगू-कन्नडचं नाही, शेजारच्या कोरकूचंही नाही. या सगळ्यांचे शब्द तिने भरपूर घेतले, पण मूळ गाभा कुणाशी जुळत नाही. बोलणारे उरलेत जेमतेम दोन-अडीच हजार. युनेस्कोने तिला अतिसंकटग्रस्त भाषांत धरलं आहे.

पाण्याच्या विषयात भाषेचं काय काम? काम आहे. जमिनीचा जो पट्टा पाणी मुरवायला सगळ्यात चांगला आहे, त्याच्या डोक्यावरचं जंगल या निहाल, कोरकू, भिलाला लोकांच्या वस्त्यांचं आहे. डोंगर उघडा पडला तर खालची चाळणी भरणार नाही. जंगल टिकलं आणि ही माणसं तिथे धडपणे जगू शकली, तरच खालच्या विहिरींना आशा आहे. पाणी मुरवण्याच्या कुठल्याही योजनेत त्यांचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे, ते यासाठी.

किडनीचा आजार पाण्यामुळेच होतो का?

जळगाव जामोद आणि संग्रामपूरची नावं गेल्या काही वर्षांत बातम्यांत आली ती किडनीच्या रुग्णांमुळे. गावात एखादं तरी घर असं असतं जिथे कुणाचं तरी डायलिसिस सुरू आहे किंवा कुणीतरी गेलंय. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जायचं म्हणजे रुग्णाची आणि सोबतच्या माणसाची मजुरी बुडते. उपचार फुकट असला तरी प्रवास फुकट नसतो.

पाण्यावर बोट ठेवणं साहजिक आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा पर्यायच नसेल तर २००० पर्यंत चालतात. खारपाणपट्ट्यातल्या अनेक विहिरी-बोअरचं पाणी या वरच्या मर्यादेच्याही बाहेर जातं. नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे आणि तिथे सवलत नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात नायट्रेटचा सर्वाधिक त्रास असलेल्या देशातल्या जिल्ह्यांच्या यादीत बुलढाण्याचं नाव आहे. नायट्रेट जमिनीतून येत नाही. ते रासायनिक खतं, शेणखताचे ढीग आणि सांडपाण्यातून येतं. म्हणजे खारटपणा निसर्गाचा असला तरी पाण्यातला सगळा दोष निसर्गाचा नाही.

तरीही ‘खारं पाणी म्हणजे किडनी खराब’ एवढं सोपं समीकरण विज्ञानाने सिद्ध केलेलं नाही. श्रीलंकेचा उत्तर-मध्य प्रांत आणि आंध्र प्रदेशातला उद्दानम भाग इथेही शेतकऱ्यांमध्ये किडनीचा असाच आजार मोठ्या प्रमाणात आहे. तिथे वर्षानुवर्षं संशोधन झालं. कडक उन्हात राबणं, शरीरातलं पाणी कमी होणं, कीटकनाशकं, पाण्यातले घटक, वेदनाशामक गोळ्यांचा अतिवापर अशी अनेक कारणं तपासली गेली, पण एकच एक कारण हाती लागलं नाही. पाणी तोंडात धरवत नाही म्हणून माणूस कमी पाणी पितो आणि उन्हात राबतो, हीसुद्धा एक शक्यता आहे.

घाईने पाण्याला दोषी ठरवलं तर काय होतं, याचं उदाहरण शेजारीच आहे. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस अचानक गळायला लागले. पहिला संशय खाऱ्या पाण्यावर आणि नायट्रेटवर गेला. पुढे तपासण्यांत रुग्णांच्या शरीरात सेलेनियमचं प्रमाण जास्त आढळलं आणि डॉ. हिंमतराव बावसकर यांनी रेशनच्या गव्हाकडे लक्ष वेधलं. पाण्यावरच सगळं खापर फोडून मोकळं झालं असतं, तर हा धागा सापडला नसता.

किडनीच्या बाबतीतही म्हणून दोन कामं एकाच वेळी व्हायला हवीत. कारण सापडेपर्यंत थांबायचं नाही, चांगलं पाणी द्यायचं. आणि चांगलं पाणी दिलं म्हणून तपासण्या थांबवायच्या नाहीत. रक्तातलं क्रिएटिनिन वेळेत तपासलं तर आजार लवकर कळतो. पाणी उकळून क्षार जात नाहीत, उलट पाणी आटतं आणि क्षारांचं प्रमाण वाढतं, हेही घराघरात कळायला हवं. आरओ यंत्राने क्षार निघतात, पण निघालेलं जास्त खारं पाणी दारातल्या नालीत सोडलं तर ते तिथेच मुरतं.

वानचं पाणी कुणाचं?

जळगाव जामोद आणि संग्रामपूरच्या गावांना गोडं पाणी मिळावं म्हणून १४० गाव पाणीपुरवठा योजना आली. तिचा स्रोत आहे वान नदीवरचं हनुमान सागर धरण. हे धरण सातपुड्याच्या पायथ्याशी, अकोला जिल्ह्यातल्या तेल्हारा तालुक्यात आहे. म्हणजे पाणी अकोल्याच्या हद्दीत, तहान बुलढाण्याच्या हद्दीत.

या एका धरणाकडे सगळ्यांचे डोळे लागलेत. तेल्हारा, अकोटचे शेतकरी म्हणतात, धरण सिंचनासाठी बांधलं, पाणी शेतीला द्या. अकोल्यासारखं शहर पिण्यासाठी पाणी मागतं, तेव्हा तिथे आंदोलनं होतात. आणि खारपाणपट्ट्यातली गावं म्हणतात, आमच्या विहिरीला पाणी आहे पण ते पिता येत नाही, आम्ही कुठे जायचं? यातलं कुणाचंच म्हणणं खोटं नाही. गोड्या पाण्याचा साठा एक आणि हक्कदार चार, अशी ही स्थिती आहे. म्हणूनच नव्या पाण्याची कुठलीही घोषणा झाली की या भागात ती कान देऊन ऐकली जाते.

पाणी कमी की जास्त?

२२ जुलै २०२३ ला जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत एवढा पाऊस झाला की नदी-नाले गावांत शिरले. घरांत पाणी गेलं, गुरं वाहून गेली, शेतातली माती खरवडून गेली. जिथे उन्हाळ्यात टँकर येतो तिथे पावसाळ्यात बचाव पथक आलं.

यात विरोधाभास वाटतो, पण भूगोल बघितला की कोडं सुटतं. उभ्या कड्यावर पडलेलं पाणी काही मिनिटांत खाली येतं. पायथ्याच्या चाळणीला ते मुरवायला वेळ मिळत नाही आणि पुढच्या मडक्यात ते मुरतच नाही. मग ते घरांत आणि शेतांत शिरतं. पुरात वाहून गेलेलं हे पाणी गोडं होतं. पायथ्याशी अडवून मुरवलं असतं तर तेच उन्हाळ्यात उपयोगी पडलं असतं. तापी महापुनर्भरणाची मूळ कल्पना हीच आहे.

तापी महापुनर्भरणात नेमकं काय आहे?

तापी नदी मेळघाटाला वळसा घालून मध्य प्रदेशातून पुन्हा महाराष्ट्रात येते. तिचं पावसाळ्यातलं जादा पाणी दोन राज्यांच्या सीमेवर खारिया-गुटीघाट इथे बंधारा बांधून अडवायचं आणि कालव्यांनी सातपुड्याच्या पायथ्याच्या बजाडा पट्ट्यात नेऊन मुरवायचं, अशी योजना आहे. बंधाऱ्याची क्षमता ८.३१ टीएमसी ठरली आहे. पूर्ण प्रकल्पातून मध्य प्रदेशला ११.७६ आणि महाराष्ट्राला १९.३६ टीएमसी पाणी वापरता येईल. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर. महाराष्ट्रातलं २ लाख ३४ हजार ७०६ हेक्टर आणि मध्य प्रदेशातलं १ लाख २३ हजार ८२ हेक्टर क्षेत्र ओलिताखाली येईल, असं सरकारांनी सांगितलं आहे. खर्च १९ हजार कोटींच्या वर आहे. आधीच्या आराखड्यात ६६ टीएमसीचं मोठं धरण होतं आणि त्यात जंगलासह हजारो हेक्टर जमीन बुडणार होती. नव्या आराखड्यात गावं उठवावी लागणार नाहीत, असा सरकारांचा दावा आहे.

कल्पना भूगर्भाच्या दृष्टीने चुकीची नाही. बजाडा हा निसर्गाने दिलेला पाण्याचा हौदच आहे. गेल्या काही दशकांत यावल, रावेरसारख्या भागात केळीसाठी तो इतका उपसला गेला की विहिरी कोरड्या पडल्या. तो पुन्हा भरायचा तर बाहेरून पाणी आणणं हा एक मार्ग आहे.

पण जळगाव जामोदच्या बाजूने बघितलं तर तीन प्रश्न उरतात.

पहिला प्रश्न पोचण्याचा. बजाड्यात मुरवलेलं पाणी पायथ्याच्या गावांना नक्की मिळेल. पण पूर्णेकाठच्या चिकण मातीतून ते किती आणि किती वर्षांनी पुढे सरकेल? खारपाणपट्ट्याच्या वरच्या कडेला फरक पडू शकतो. पूर्णेला लागून असलेल्या गावाची विहीर लगेच गोड होईल, असं समजणं म्हणजे मडक्याला चाळणी समजणं.

दुसरा प्रश्न कालव्याच्या ओलिताचा. खारवट, निचरा नसलेल्या जमिनीला गोडं पाणी भरपूर दिलं तर जमिनीखालची पाण्याची पातळी वर येते आणि सोबत क्षारही वर आणते. सांगली-कोल्हापूरकडच्या कृष्णाकाठी उसाला पाटपाणी जास्त झालं आणि हजारो एकर जमीन क्षारपड झाली. तिथली माती बरी होती, तरी हे झालं. पूर्णेच्या खोऱ्यात कालव्याआधी चर आणि निचऱ्याची सोय झाली नाही, तर पाणी येईल आणि जमीन जाईल.

तिसरा प्रश्न वेळेचा. याच जिल्ह्यात, नांदुरा तालुक्यात पूर्णेवर जिगाव प्रकल्पाचं काम १९९० च्या दशकापासून चालू आहे. त्याच्या बुडित क्षेत्रात जळगाव जामोद तालुक्यातलीही गावं आहेत. नाव घोषित झाल्यापासून त्या गावांत नवं घर बांधावं की नाही हे ठरवता येत नाही. एक पिढी वाट बघण्यात गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वैनगंगा-नळगंगा नदीजोडलाही मंजुरी दिली, त्याचं शेवटचं टोकही बुलढाण्यातच आहे. कागदावर बुलढाण्याच्या दिशेने बरंच पाणी निघालंय. ते पोचेपर्यंत काय, याचं उत्तर मात्र कुठल्याच करारात नसतं.

तोपर्यंत काय करता येईल?

खारपाणपट्ट्यात सगळ्यात स्वस्त गोडं पाणी आभाळातून येतं. जमिनीत मुरायच्या आधी ते धरलं तर ते खारं होत नाही. म्हणून या भागात शेततळ्याला वेगळं महत्त्व आहे. इतर ठिकाणी तळ्यातून पाणी झिरपतं म्हणून अस्तर लागतं. इथली चिकण माती स्वतःच बऱ्यापैकी अस्तराचं काम करते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पावसाने ताण दिला तर तळ्यातलं एक-दोन वेळचं पाणी कपाशी, तूर किंवा सोयाबीनला वाचवतं आणि नंतर हरभरा घेता येतो. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने या जमिनींसाठी जिप्समचा वापर, रुंद वरंबा-सरी आणि निचऱ्याचे चर यांची शिफारस केलेली आहे. जागतिक बँकेच्या मदतीने चालणाऱ्या ‘पोकरा’ योजनेत खारपाणपट्ट्यातली गावं मुद्दाम घेतली गेली, तीही यासाठीच.

घरापुरतं बोलायचं तर छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवणं हा पिण्यासाठी चांगला आधार आहे. कमी पावसाच्या राजस्थानात लोकांनी शतकानुशतकं हेच केलं. वऱ्हाडात पाऊस त्याहून कितीतरी जास्त पडतो.

आणि सातपुड्याच्या पायथ्याचे नाले खोल करणं, तिथे छोटे बंधारे घालणं, यासाठी कुठल्याही आंतरराज्य कराराची वाट बघावी लागत नाही. चाळणी घरचीच आहे, पाऊसही घरचाच आहे.

थोडक्यात काय?

जळगाव जामोदचं पाणी कुणाच्या शापाने खारं झालेलं नाही आणि एका सहीने गोड होणारही नाही. लाव्हाचा कातळ, खचलेला खळगा, चिकण गाळ आणि कडक ऊन यांनी मिळून ते खारं केलं. तापीचं पाणी आलं तर पायथ्याच्या गावांचं नक्कीच भलं होईल. पूर्णेकाठच्या गावांसाठी मात्र नळ, शेततळं आणि निचरा या तीन साध्या गोष्टी जास्त जवळच्या आहेत.

म्हणून पुढच्या वेळी कुणी भाषणात ‘खारपाणपट्टा गोडा करू’ म्हणालं, की एवढंच विचारायचं: पायथ्याचा की पूर्णेकाठचा? कालवा आधी की निचऱ्याचे चर आधी? आणि तोपर्यंत वानच्या पाण्यातला आमचा वाटा रोज नळाला येणार की आठवड्यातून एकदा?